जागेची ओढ

आमच्या कॉलेजच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये उंदराला शेपटीनं उचललेलं साहेबरावमामांना चालत नसे. प्राध्यापकांनाही ते तसं करू देत नसत.

"पोटाखाली हात घाला मॅडम," पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं. "लटकवल्यावर कोन्हालाबी भ्या वाटतंय. आन् भ्यालेल्या उंदरावर तुमचं औषध खरं बोलंल व्हय?"

मी अहमदपूरची, उज्वला. औषधशास्त्रात एम.फार्म. करायला नांदेडला आले होते. साहेबराव कागदावर परिचर होते आणि आम्हा विद्यार्थ्यांचे मामा. दहावी नापास होऊन कंधार तालुक्यातल्या खेड्यातून ते नांदेडला आले, आधी रोजंदारीवर लागले, मग कायम झाले. चोवीस वर्षं त्यांनी पांढरे उंदीर, ससे आणि गिनीपिग सांभाळले. पिंजऱ्यातला भुसा बदलायचा, बाटल्या भरायच्या, आजारी जनावर वेगळं काढायचं. बाहेर मे महिन्यात डांबर वितळत असताना आत एसी चालू असायचा. "गावात लाईट नसंल, उंदराला असतीय," असं ते म्हणायचे, पण त्यात तक्रार नसायची.

त्यांच्या घरी बायको सुमनबाई आणि धाकटी बहीण महामाया. ती चार वर्षांची असताना आई गेली, तेव्हा साहेबराव तेवीस वर्षांचे होते. तिला त्यांनी खांद्यावर बसवून शाळेत नेलं, बारावी करवली, नर्सिंगला घातलं. ती शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात सिस्टर झाली. एवढंच मला माहीत होतं. पुढचं कळायला सात-आठ महिने जावे लागले.

माझा प्रयोग समजायला सोपा होता. एक लाकडी पेटी, तिला दोन कप्पे. एका कप्प्याच्या भिंती पांढऱ्या आणि तळाला जाळी. दुसऱ्याच्या भिंतींवर काळे पट्टे आणि तळ गुळगुळीत. मध्ये वर-खाली सरकणारं दार. उंदराला एक दिवस अफूच्या कुळातलं, दुखणं मारणारं औषध टोचायचं आणि पट्ट्यांच्या कप्प्यात ठेवायचं. दुसऱ्या दिवशी नुसतं मिठाचं पाणी टोचून पांढऱ्या कप्प्यात ठेवायचं. असे आठ दिवस. नवव्या दिवशी काहीच टोचायचं नाही, मधलं दार उचलायचं आणि उंदीर कुठे बसतो ते घड्याळ लावून बघायचं.

उंदीर पट्ट्यांच्या कप्प्यात जाऊन बसतो. तिथे औषध नसतं, खायला नसतं, दुसरा उंदीर नसतो. तरी तो जातो, कोपरे हुंगतो आणि तिथेच थांबतो. याला पुस्तकात लांबलचक इंग्रजी नाव आहे. मामांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे जागेची ओढ." मग मीही तेच म्हणू लागले.

एका रानमुळीचा अर्क दिला तर ती ओढ कमी होते का, हे मला तपासायचं होतं. म्हणून निम्म्या उंदरांना अर्क, निम्म्यांना नाही. चोवीस उंदीर, रोज प्रत्येकाची पंधरा मिनिटं. एका हाताला माझं स्टॉपवॉच आणि शेजारी मामांचं. ते काचेच्या छोट्या खिडकीला डोळा लावून बसायचे आणि हळू आवाजात सांगायचे, "गेला. आला. परत गेला." माझ्या आणि त्यांच्या आकड्यांत दोन सेकंदांपेक्षा जास्त फरक कधी पडला नाही.

त्यानंतरच्या टप्प्यात औषध पूर्ण बंद. दोन्ही कप्प्यांत फक्त मिठाचं पाणी. रोज दार उघडायचं, रोज मोजायचं. पहिले पाच-सहा दिवस उंदीर पट्ट्यांकडे जातच राहिले. मग त्यांचं तिथलं बसणं कमी होत गेलं. तेराव्या दिवशी बहुतेक उंदीर दोन्हीकडे सारखेच फिरले. एक तर पांढऱ्या कप्प्यात अंगाचं मुटकुळं करून झोपला.

मामा खिडकीवरून उठले नाहीत. दुपारचे तीन वाजले असतील.

"मॅडम, एक विचारू का?"

"विचारा ना."

"आता ह्ये विसरले का? म्हंजे कायमचं?"

त्यांचा आवाज असा आला की मी वही खाली ठेवली. मग त्यांनी सांगितलं. पेशंट उचलताना महामायाची पाठ भरली होती. सोबतच्या सिस्टरनं दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं. दुखणं थांबलं, पण इंजेक्शन थांबलं नाही. उरलेल्या औषधावर, फोडलेल्या काचकुप्यांवर, अँप्यूलवर ती दोन वर्षं जगली. दवाखान्याच्या ड्रेसिंगच्या खोलीत दुपारी गर्दी ओसरली की आत जायची, आतून कडी लावायची. ब्लाऊजची बाही तिनं मनगटापर्यंत केली तरी घरात कुणाला शंका आली नाही. एक दिवस पकडली गेली. दवाखान्यानं बोभाटा केला नाही, घरी पाठवलं.

"म्या सोत्ता तिला लातूरला नेलं," मामा म्हणाले. "तिथल्या व्यसनमुक्ती केंद्रात चार महिने ऱ्हायली. मंग जळकोटला आमच्या मामाकडं ठिवली. सात महिने झाले, सुई बघितली न्हाई तिनं. गोरी झालीय, भरून आलीय. आता म्हणतीय, दादा, मला माजं काम पाहिजे. किती दिवस दुसऱ्याच्या घरी भाकऱ्या थापू? दवाखान्यातल्या लक्ष्मम्मा सिस्टर म्हणतात, घिऊन या, मी तिला बाहेरच्या ओपीडीत ठिवते, औषधाच्या कपाटाच्या किल्ल्या देत न्हाई. मी हाव म्हणू का न्हाई, म्हून विचारलं."

लक्ष्मम्मा त्या दवाखान्याच्या जुन्या मेट्रन, देगलूरकडच्या. त्यांनी भल्या मनानंच म्हटलं होतं.

इथे मला थांबायला हवं होतं. माझ्या प्रयोगाला आणखी एक टप्पा होता, आणि त्यात काय होतं हे मला आधीपासून माहीत होतं. इतरांनी ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं होतं, माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मी ते लिहिलंही होतं. विसरलेल्या उंदराला औषधाचा एकच, अगदी लहान डोस द्यायचा आणि दार उघडायचं. पण समोर मामा होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर अकरा महिन्यांनी थोडा उजेड आला होता.

"विसरतात मामा," मी म्हणाले. "बघा ना, तुम्हीच मोजलंय."

त्यांनी माझ्या हातातली वही घेतली, तेराव्या दिवसाच्या ओळीवरून बोट फिरवलं आणि मान हलवली.

आठवड्याभरानं ते महामायाला घेऊन आले. ती कामावर रुजू व्हायला निघाली होती. पांढरा ड्रेस, केसांना घट्ट अंबाडा, हसरी. तेहतीसची, पण दिसायला लहान. मामांनी एक उंदीर काढून तिच्या हातावर ठेवला तेव्हा तिनं तो सराईतपणे तळव्यात धरला आणि अंगठ्यानं त्याचं डोकं कुरवाळलं.

मग तिची नजर ट्रेवर गेली. सिरिंज रांगेनं ठेवल्या होत्या. तिनं उंदीर मामांच्या हातात दिला आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले. शाळेतल्या पोरी कवितेला उभ्या राहतात तशी उभी राहिली. तोंडावर हसू तसंच होतं.

मामा भुसा आणायला बाहेर गेले. ती पेटीजवळ आली.

"ताई, ह्ये खरंच विसरले?"

"हो. तेरा दिवसांत."

"मला बारा महिने लागले," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "आन् याच्या पुढं काय करता?"

"पुढं अजून थोडं काम आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. ती सिस्टर होती, डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकाला अर्धवट सांगतात ते रोज ऐकणारी. तिला कळलं असावं. मामा आले, दोघं गेली. जाताना दारातून तिनं "जयभीम ताई" म्हटलं.

तिसरा टप्पा मी पुढच्या पंधरवड्यात घेतला. नेमका त्या मंगळवारी मामा रजेवर होते, कंधारला चुलत भावाच्या पुण्यानुमोदनाला, स्मरणाच्या कार्यक्रमाला गेले होते. मी एकटीनं चोवीस उंदरांना तो लहानसा डोस दिला आणि दार उचललं.

ते सगळे गेले. अर्क दिलेले, न दिलेले, पांढऱ्या कप्प्यात झोपणारासुद्धा. कुणी रेंगाळलं नाही. तेरा दिवस जणू झालेच नव्हते. प्रयोगाच्या दृष्टीनं निकाल स्वच्छ होता, मुळीचा अर्क निकामी होता. मी आकडे लिहिले, तारीख टाकली, वही टेबलावर ठेवली.

बुधवारी मामा आले, मी सांगितलं नाही. गुरुवारी गाईडसरांची मीटिंग होती. शुक्रवारी मी ठरवलं, सोमवारी निवांत बसून सांगू, महामायाला परत जळकोटला पाठवायला सांगू, लक्ष्मम्मांशी मी स्वतः बोलेन. मला वाटलं, दोन दिवसांनी काय बिघडतंय.

शनिवारी दुपारी महामाया गेली.

त्या दिवशी ड्रेसिंगवाली सिस्टर आली नव्हती. हात भाजलेली एक बाई ओरडत होती. लक्ष्मम्मांनी महामायाला हाक मारली, पट्टी धर म्हणून. डॉक्टरांनी त्या बाईला इंजेक्शन दिलं, अर्धं औषध अँप्यूलमध्ये उरलं. बाईला वॉर्डात नेलं आणि महामाया खोली आवरायला मागे राहिली. आतून कडी लागली. दोन वर्षं रोज लागायची तशी. त्या उरलेल्या औषधानं आधी सुरुवात झाली असणार. मग ट्रेमधल्या आणखी दोन अँप्यूल फुटल्या. शरीर आता बारा महिने कोरडं होतं, पण हाताला जुन्याच डोसचा आकडा माहीत होता. दार तोडलं तेव्हा ती खुर्चीत बसलेली होती, बाही नीट वर दुमडलेली.

जलदान विधीला मी त्यांच्या घरी गेले. सुमनबाई मला बिलगून रडल्या. मामा मंडपाच्या बांबूला टेकून उभे होते. मला म्हणाले, "उंदरांना पाणी दिलंय ना, मॅडम?"

दहाव्या दिवशी ते कामावर आले. टेबल पुसता पुसता त्यांनी माझी वही उचलली. त्यांना आकडे वाचता येत होते. निम्मं मोजमाप त्यांचंच होतं. मी दारात उभी होते. त्यांनी शेवटचं पान वाचलं, परत वाचलं.

"ह्ये कवाचं हाय?"

"मंगळवारचं."

"ती शनिवारी गेली."

मामांनी वही जागेवर ठेवली, कडेला कड लावून.

"तुमाला ठाव होतं? त्या दिवशी, म्या विचारलं तवा?"

"हो."

ते पिंजऱ्यांकडे वळले. मग म्हणाले, "च्या घेता का मॅडम? तुमचं तोंड सुकलंय." आणि खरंच चहा आणायला गेले. शिव्या घातल्या असत्या तर मला सोसलं असतं. तो चहा मी प्यायले, त्याची चव अजून जिभेवर आहे.

नियमाप्रमाणे प्रयोग संपल्यावर ते उंदीर मारावे लागतात. आम्ही त्याला ‘सॅक्रिफाइस’ म्हणतो, म्हणजे तोंडाला कडू लागत नाही. चोवीस वर्षं ते काम मामांनी केलं होतं, उंदराला न घाबरवता, हातात धरून. या वेळी मात्र त्यांनी पिंजऱ्यात प्रत्येकाला भिजवलेले हरभरे टाकले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. काम मी केलं.

त्यानंतर अ‍ॅनिमल हाऊस आधीसारखं राहिलं नाही. नवे उंदीर आले, दुसऱ्या मुलांचे प्रयोग सुरू झाले. माझी पेटी कोपऱ्यात रिकामी पडली होती. मी थिसिस लिहायला तिथे बसायचे. दुपारी तीनच्या सुमारास मामा काम करता करता थांबायचे.

"मॅडम, दार वाजलं का?"

"कोणतं?"

"पेटीचं."

पहिल्यांदा मी उठून पाहिलं. दार खाली होतं, आत धूळ होती. दुसऱ्या-तिसऱ्यांदा मी नुसतं नाही म्हटलं. एका दुपारी लाईट गेली, जनरेटर सुरू व्हायच्या आधीच्या त्या शांततेत लाकडावर लाकूड घसरल्याचा आवाज मीही ऐकला. लाकूड उन्हानं तडकतं, हे मला माहीत आहे. मी मामांकडे पाहिलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

पावसाळा संपता संपता सुमनबाई कॉलेजवर आल्या. पदर डोक्यावर, हातात डबा.

"मॅडम, तुमचं ऐकतेत ते. रोज दुपारच्या सुट्टीत त्या दवाखान्यापुढं जाऊन बसून राहिलेत. जेवण तसंच ऱ्हातंय. लक्ष्मम्मा सिस्टर येऊन हात जोडती, उठा म्हणती. उठत न्हाईत. मला भ्या वाटून राहिलंय."

मी गेले. दवाखान्यासमोर रसवंती होती, हंगाम नसल्यानं बंद. तिच्या बाकावर मामा बसले होते, पहिल्या मजल्यावरच्या एका खिडकीकडे तोंड करून. खिडकीला हिरवी काच होती. मी शेजारी बसले.

"ती हितंच येती मॅडम," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात वेडेपणा नव्हता, माहिती दिल्यासारखं ते बोलले. "जळकोटला सात महिने ऱ्हायली, लातूरला ऱ्हायली, तिथं ती जात न्हाई. घरीबी येत न्हाई. सुमन म्हणती सपनात येती, मला न्हाई पटत. ती ह्या खोलीत येती. मी बगितलंय की, कसं जातेत ते." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मेल्यावर तर ओढ सुटती का वो? तुमच्या बुकात हाय का काही?"

त्या क्षणी मला काहीही गोड सांगता आलं असतं.

"नाही मामा. मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

त्यांनी मान हलवली. "ह्ये बरं सांगितलं," ते म्हणाले. थोड्या वेळानं उठले आणि माझ्याबरोबर चालू लागले. पण दुसऱ्या दिवशी ते परत तिथेच होते.

मी लातूरच्या त्या केंद्रातल्या समुपदेशकांना फोन केला. अमरनाथ त्यांचं नाव. सगळं सांगितलं, माझं अर्धं उत्तरही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आम्हीपण घरच्यांना जागेबद्दल बोललो होतो, पण एकदा, घाईत, डिस्चार्जच्या कागदावर सही घेताना. त्यांना इकडे घेऊन या."

त्यांच्याकडे महिन्यातून दोनदा घरच्या मंडळींची बैठक होते. मी मामांना नेलं, अहमदपूरवरून एसटीनं. केंद्रात तीस-चाळीस माणसं सतरंजीवर बसली होती, कुणाचा नवरा आत, कुणाचा मुलगा. अमरनाथांनी मामांची ओळख करून दिली. मामा उभे राहिले आणि टोपी काढून हातात धरली.

"मी डॉक्टर न्हाई," ते म्हणाले. "मी उंदरं सांभाळतो."

कुणीतरी हसलं. मग पेटीची हकिकत त्यांनी सांगितली. कप्पे, पट्टे, दार. तेरा दिवस आणि त्यानंतरचा तो मंगळवार. एकही इंग्रजी शब्द न वापरता त्यांनी ते असं सांगितलं की मला इतक्या दिवसांत तसं सांगता आलं नव्हतं. शेवटी बहिणीचं नाव घेतलं. माझं घेतलं नाही. म्हणाले, "म्या तिला त्याच खोलीत नेऊन सोडलं. म्या सोत्ता."

पुढच्या रांगेत सत्तरीच्या साखराबाई होत्या, उदगीरकडच्या. त्यांचा मुलगा दुसऱ्यांदा आत होता.

"मंग आमी काय करावं बाबा? घरी नेऊच नये का लेकराला?"

"घरी न्या की माय," मामा म्हणाले. "पर तो जिथं घ्यायचा ती जागा आधी मोडा. खोली असंल तर तिथं धान्य भरा, भिंतीचा रंग बदला. गल्ली असंल तर गाव बदला. आन् तो म्हणला, मी विसरलोय, तर त्येच्यावर इस्वास ठिवा, पर जागेवर ठिवू नका."

साखराबाईंनी त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

तेव्हापासून ते जातात. आता निवृत्त होऊन वर्ष झालं. मी दुसऱ्या गावी शिकवते, माझ्या थिसिसचा जो भाग छापून आला त्यात उंदरांची संख्या आहे, आलेख आहे, महामाया नाही. त्यात तिला घालायला जागाच नसते. अमरनाथ सांगतात, मामांचं ऐकून तीन घरांनी गाव बदललं. एका घरानं ऐकलं नाही. त्यांचा मुलगा गेला, तेव्हा मामा लातूरहून परत न येता दोन दिवस त्या घरी राहिले.

बाकावर बसणं कमी झालंय, सुटलेलं नाही. सुमनबाईंनी आता विचारायचं सोडलंय, त्या डब्यात दोघांचं जेवण घालून तिथेच जातात.

मागच्या महिन्यात मामांचा फोन आला. दाढ किडली होती. वर्षभर त्यांनी दुखणं अंगावर काढलं, तापाची गोळीसुद्धा ते घेत नाहीत. शेवटी गाल सुजला तेव्हा सुमनबाईंनी ओढत दाताच्या डॉक्टरांकडे नेलं. मामा म्हणत होते, सुई न देता काढा. डॉक्टर ऐकेनात. शेवटी सुमनबाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि डॉक्टरांनी हिरडीत इंजेक्शन दिलं.

"दाढ उपटली मॅडम," ते फोनवर म्हणाले. जीभ अजून जड होती. "मला कळलंबी न्हाई. वर्षाचं दुखणं, एका मिंटात काईच न्हाई. एवढं सोपं असतंय व्हय हे?"

मी हो म्हणाले. पलीकडे ते रडत होते, पहिल्यांदाच माझ्या ऐकण्यात, आणि मागून सुमनबाई विचारत होत्या, दुखतंय का, दुखतंय का.